पावलं थांबतात ती जागा

फिटरची बायको गेली तेव्हा तो दवाखान्याच्या तळमजल्यावर औषधांच्या खिडकीसमोर रांगेत उभा होता. वर आला तर नर्स म्हणाली, "आत्ताच." त्याने औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि पलंगाशेजारची खुर्ची भिंतीला सरकवून लावली. खुर्ची वाटेत राहिलेली बायकोला खपत नसे. मग त्याच्या लक्षात आलं की आता बसायला काही नाही, आणि तो उभाच राहिला.

ते होऊन गेलं. रडणारे रडून गेले, समजावणारे समजावून गेले. फिटर कोरडाच राहिला. लोक म्हणाले, धक्का बसलाय, एकदा मोकळं व्हायला हवं. त्याला धक्काबिक्का काही जाणवत नव्हता. झोपेत अंगाखाली सापडून हात बधिर होतो आणि मग तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. भूक लागली की तो जेवायचा. अंधार पडला की दिवा लावायचा.

त्याची बायको चालायला शिकवायची. म्हणजे दिसत नसलेल्या माणसांना पांढरी काठी घेऊन रस्त्यावर एकट्याने चालायला. संस्थेत लहानथोर सगळे तिला बाई म्हणत, आणि ऐकून ऐकून फिटरही कधी कधी बाईच म्हणायचा. तो स्वतः जन्मभर कारखान्यात लेथ आणि प्रेसच्या गोंगाटात उभा राहिलेला. कान त्यात अर्धे गेले. जाड आवाज अजून यायचे, पण शिट्टी, चिमण्या, बिजागरीची कुरकुर असलं बारीकसारीक सगळं त्याच्यापुरतं कधीच बंद झालं होतं. बाई म्हणायची, "बाहेर आंधळे, घरात बहिरा. माझ्या वाटणीत कुणी लबाडी केली म्हणायला जागाच नाही."

कामातली शिस्त तिने घरातही आणली होती. दार उघडं तर पूर्ण उघडं, बंद तर पूर्ण बंद, कारण अर्धवट उघडं दार न दिसणाऱ्या माणसाच्या कपाळावर बसतं. आणि खोलीत आलं की सांगायचं, मी आले. खोलीतून जाताना सांगायचं, मी निघाले. बोलता बोलता गुपचूप उठून जायचं आणि समोरच्याला रिकाम्या खुर्चीशी बोलत ठेवायचं, यासारखा दुसरा अपमान नाही, असं ती म्हणे. फिटरला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं, तरी ती त्यालाही सांगायची. भाजीला जाताना सांगायची, गच्चीवर जाताना सांगायची.

"अगं, दिसतंय मला."

"दिसू दे. माझी सवय कशाला मोडता?"

दवाखान्यातून मात्र ती न सांगता गेली. फिटरला त्याचा राग आला होता की काय, हे त्यालाच माहीत नव्हतं. सकाळी दात घासताना ही गोष्ट आठवायची, आणि चूळ भरली की जायची.

अशात संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. आंधळ्या माणसांसाठी काम करणाऱ्यांचा सत्कार संस्था दरवर्षी करते. या वर्षी तिघांचा होता. ब्रेलची पुस्तकं छापण्याआधी बोटांनी तपासणारे एक गृहस्थ, आंधळ्या माणसाला बँकेत स्वतःचं खातं स्वतः चालवता यावं म्हणून कोर्टात वर्षानुवर्षं भांडलेल्या एक वकीलबाई, आणि बाई.

"तुम्ही यायचं आणि त्यांची ढाल घ्यायची," सेक्रेटरी म्हणाले. "दोन शब्द बोललात तर दुधात साखर."

"बघतो," फिटर म्हणाला. फोन ठेवला आणि बघायचं विसरून गेला.

सत्काराच्या दोन दिवस आधी दार वाजलं. दारात शिंपीणबाई आणि तिचा भाऊ. शिंपीणबाई म्हणजे बाईची शेवटची विद्यार्थिनी. चाळिशी उलटलेली, बायकांचे कपडे शिवण्यात हात बसलेला, आणि ऐन भरात डोळे गेलेले. वर्षभर बाई तिला चालवत होती. भाऊ दुसऱ्या गावाचा, त्याचं टायरचं दुकान. त्याने बहिणीचा दंड असा धरला होता की जणू सोडला तर ती जिन्यावरून घरंगळेल.

"मी आले, काका," शिंपीणबाई म्हणाली. "आणि हा माझा भाऊ. मला धरलंय की अटक केलीय, ते तुम्हीच बघून सांगा."

"ताई, पुरे." भावाने दंड सोडला. "काका, मी सरळ बोलतो. माझ्या घरी हिला काय कमी आहे? माझी बायको हिला पाणी हातात आणून देते."

"तेच तर. तुझ्याकडे मी म्हणजे सोफ्यावरची उशी. जेवायला उचलायची, झोपायला उचलायची, पाहुणे आले की झटकून ठेवायची."

"बघा, ही अशी बोलते. मी इथून चार तासांवर. रात्री फोन नाही उचलला की माझा जीव खालीवर होतो. म्हणून बाईंनाच मध्ये घातलं होतं. म्हटलं, तुम्ही सांगा ही एकटी चालू शकते, मग मी तोंड उघडणार नाही. बाई म्हणाल्या, शेवटची फेरी राहिलीय, ती झाली की सांगते. आणि मग..." तो थांबला. "आता बाईच नाहीत. संस्थेत विचारलं, तर नवीन मास्तर पुढच्या वर्षी. तोवर काय करायचं? टेम्पो सांगून ठेवलाय मी. सत्कार झाला की त्याच संध्याकाळी सामान हलवतो."

"खोली सुटली की सुटली, काका," शिंपीणबाई म्हणाली. आता तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. "मशीन तिथे आहे. हाताने शिवता येतं मला अजून, साध्या शिवणी, गाद्यांच्या खोळी. गिऱ्हाइकं येतात. याच्याकडे गेले की मशीनवर फुलदाणी ठेवतील."

फिटरने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "चहा करू का?" तो म्हणाला.

"चहा नको. माझ्या मागून चाला."

"कोण?"

"तुम्ही. माझ्या खोलीपासून सत्काराच्या हॉलपर्यंत. ती वाट बाईंनी शिकवून ठेवलीय, फक्त शेवटची फेरी बाकी आहे."

"मी लेथवर काम केलेला माणूस. मला काय कळतं त्यातलं?"

"बाईंनी तुमच्या डोळ्यांना पट्टी बांधून तुम्हाला बाजारात फिरवलं होतं ना? तुम्ही टोमॅटोच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातलात, आणि भाजीवाल्याने दाबलेले सगळे टोमॅटो तुमच्या गळ्यात मारले. आम्हाला प्रत्येकाला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायच्या. तेवढं शिक्षण पुष्कळ झालं."

भावाने विचार केला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरलेला होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी हॉलवर बसतो. काकांनी येऊन सांगायचं की त्यांनी हात लावला नाही, तोंड उघडलं नाही. मग टेम्पो परत. पण काका, खोटं नाही बोलायचं."

"वाटेत दुसऱ्या कुणाला मदत मागितली तर चालतं," शिंपीणबाईने लगेच सांगितलं. "मदत मागणं हाही धडा आहे. तुमची मात्र नाही चालत. जीवावर बेतलं तरच. एरवी तुम्ही नाहीच आहात."

नाही म्हणायला कारण शोधावं लागलं असतं. हो म्हणणं त्यापेक्षा सोपं होतं. फिटर हो म्हणाला.

ते गेल्यावर दार अर्धवट उघडं राहिलं होतं. भावाने ओढलं होतं, पण पुरतं नाही. फिटरने उठून ते लावलं.

शेवटच्या फेरीचं त्याला थोडंफार माहीत होतं. बाई त्या दिवशी कॅनव्हासचे मऊ बूट घालायची, मांजरीसारखी जायची. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली होती. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर घरी यायची आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात उभी राहायची. "झाली का फेरी?" त्याने विचारलं की म्हणायची, "होईल." झाली नव्हे, होईल. मग बऱ्याच वेळाने फोन वाजायचा, ती दोन शब्द बोलायची, आणि तेव्हा कुठे पर्स खाली यायची. फिटरने यात डोकं घातलं नव्हतं. थकली असेल, असं तो धरून चालला होता.

सत्काराच्या दिवशी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बाईचे कॅनव्हासचे बूट दाराशी होते, पण ते त्याच्या अंगठ्यालाही पुरले नसते. त्याने कातडी बूट काढले. "त्या बुटांचं काहीतरी करा हो," असं बाई मागे दोनतीनदा म्हणाली होती, आणि त्याने प्रत्येक वेळी घासून पॉलिश केलं होतं. आताही केलं.

शिंपीणबाई बरोबर सांगितलेल्या वेळी खाली उतरली. फिटर समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभा होता. तिने मान वर करून क्षणभर हवा ऐकली, काठी उलगडली आणि निघाली. फिटर मागे निघाला, सातआठ हात अंतर ठेवून. ती थांबली की तो थांबायचा. त्याला वाटलं, आपण छान चाललोय, पान हलल्याचासुद्धा आवाज नाही.

काठी डावीकडे, काठी उजवीकडे. भिंत संपली की ती थोडी वळायची. बेकरीचा वास आला की वेग कमी करायची, कारण तिथे फूटपाथवर पायरी होती. एका ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या माणसाने मान वर केली. आधी फिटरच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा बुटांकडे. पॉलिश चांगलं बसलंय, असं फिटरला वाटलं. पुढे उन्हात झोपलेल्या कुत्र्यानेही एक कान उचलला.

चौकाच्या अलीकडे फूटपाथ खणून ठेवला होता. बाईने वाट शिकवली तेव्हा हे नव्हतं. शिंपीणबाईची काठी पोकळीत गेली आणि ती जागच्या जागी थांबली. डावीकडे टोकून पाहिलं, मातीचा ढिगारा. उजवीकडे रस्ता, गाड्या अगदी कडेने जाणाऱ्या. मातीच्या आणि भिंतीच्या मधून एक माणूस जाईल एवढी फट होती. फिटरला ती समोर दिसत होती.

"इथे कोणी आहे का?" शिंपीणबाईने विचारलं.

गल्लीत कुणी नव्हतं. दुकानं अजून उघडायची होती. होता तो फक्त फिटर.

'डावीकडे, भिंतीला धरून.' एवढेच शब्द. दुसरा कुणी असता तर सहज बोलला असता. पण तो नव्हता, असं ठरलेलं होतं. त्याला तो टोमॅटोचा दिवस आठवला. पट्टीखाली घाम आलेला, चहूबाजूंनी माणसं, आणि त्याने ओरडून विचारलं होतं, "अगं, आहेस का?" ती हातभर अंतरावर होती, आणि गप्प राहिली. घरी आल्यावर तो दोन दिवस फुगून बसला होता. "मी हाक मारतोय आणि तू ओ देत नाहीस?" ती म्हणाली होती, "ओ दिली असती तर तुम्ही अजून तिथेच उभे असता."

"कोणी आहे का?" शिंपीणबाईने पुन्हा विचारलं, पहिल्यापेक्षा हळू. तिचा चेहरा किंचित मागे वळला. फिटरने श्वास धरला. मग तिने चेहरा पुढे केला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, काखेत फाईल, चालण्यात घाई. त्यांनी शिंपीणबाईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"या ताई, या, रस्ता ओलांडायचाय ना?"

"नाही हो, मला फक्त सांगा, डावीकडून..."

"लाजू नका हो, त्यात काय लाजायचं!" त्यांनी तिचं कोपर धरलं, हात वर करून गाड्या थांबवल्या आणि तिला ओढत पलीकडे नेलं. तिथे विजेच्या खांबाशी तिला उभं केलं, घड्याळ पाहिलं आणि लांब टांगा टाकत निघून गेले. शिंपीणबाई त्यांच्याकडे तोंड करून काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना फिटरला दिसत होते. समोर कुणीही नव्हतं.

फिटर रस्त्यात उतरायला गेला आणि सिग्नल सुटला. टँकर, त्यामागे ट्रक, त्यामागे बसची रांग. त्याचा गुडघा जुना होता, धावण्यातला नव्हता. तो काठावर उभा राहिला. एकदा दोन बसच्या मधून तिची ओढणी दिसली. मग मोठी लाल बस मध्ये आली आणि तिथेच ठाण मांडून बसली. ती हलली तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं.

पलीकडे जाऊन त्याने इकडची गल्ली पाहिली, तिकडची पाहिली. फळांच्या गाडीवाल्याला विचारलं, "एक बाई गेली का, पांढरी काठी घेतलेली?"

"संस्थेपाशी आहात काका तुम्ही. इथून दिवसभर तेच जातात. कुठल्या रंगाची साडी?"

"पंजाबी ड्रेस," फिटर म्हणाला. रंग त्याला आठवेना.

तेव्हा त्याच्या पोटात गोळा आला. खराखुरा, मुठीएवढा. कितीतरी दिवसांत अंगात काहीतरी झालं होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. भीती होती. तो हॉलच्या दिशेने जमेल तेवढा भराभर चालू लागला. वाटेत प्रत्येक घोळक्यापाशी मान उंच करून पाहत होता की कुणी पडलंय का.

हॉलच्या दारातल्या वॉचमनने त्याच्या पायांकडे पाहून हसून दार उघडलं. आत गर्दी होती. पहिल्याच रांगेत शिंपीणबाई बसलेली होती, काठी दुमडून मांडीवर. शेजारी भाऊ. फिटर जिथे होता तिथेच उभा राहिला. पोटातला गोळा सुटला आणि त्याच्या जागी पुन्हा काहीच आलं नाही.

"आले काका," शिंपीणबाई त्याच्याकडे न वळता म्हणाली.

भाऊ उठला. "काय काका? होतात ना शेवटपर्यंत मागे? हात नाही ना लावला?"

हो म्हणून टाकलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. फिटर म्हणाला, "चौकापर्यंत होतो. पुढे नव्हतो. एका गृहस्थाने तिला पलीकडे ओढून नेलं, मध्ये गाड्या आल्या. माझ्या हातून हरवली."

"हरवली?" भावाचा आवाज चढला. "म्हणजे तिथून इथपर्यंत ही एकटी आली? चौकातून? अहो, काही झालं असतं म्हणजे?"

"अरे," शिंपीणबाई म्हणाली, "तुला मी एकटीने येऊन दाखवायला हवं होतं ना? की एकटी, पण काका धरून?"

भाऊ परत खुर्चीत बसला.

"त्या भल्या माणसाने कुठल्या बाजूला नेऊन टाकलं, तेच कळेना," ती सांगू लागली. "मी आपली खांबाचे आभार मानतेय. घाबरले होते, खोटं कशाला बोलू. मग ऊन बघितलं. निघाले तेव्हा उजव्या गालावर होतं, म्हणजे तोंड कुठे करायचं ते कळलं. मग गाड्या थांबल्याचं ऐकलं, ओलांडून खड्ड्याच्या पुढच्या बाजूला परत आले. काका तर नव्हतेच. बूट थांबले होते."

"बूट?" फिटर म्हणाला.

"तुमचे. करकरतात ना."

फिटरने खाली पाहिलं.

"पहिल्या पावलापासून," शिंपीणबाई म्हणाली. "मला वाटलं, मुद्दाम घातलेत की काय. तुम्हाला येत नाही ऐकू?"

"बारीक आवाज नाही येत."

"खड्ड्यापाशी मी विचारलं, तेव्हा तुम्ही मागेच होतात. माहीत होतं मला. बोलला असतात तर मी तिथूनच घरी गेले असते आणि याच्या टेम्पोत बसले असते." ती हसली. "मग पलीकडे गेल्यावर ऐकते तर बूट नाहीत. म्हटलं, काकांनी बाईंसारखंच केलं. चौकात सोडलं."

"बाईंसारखं म्हणजे काय?"

मागच्या रांगेत दोघे बसले होते, दोघेही बाईचे जुने विद्यार्थी. एक टेलिफोन ऑपरेटर, एक मालिश करणारा, आडदांड. ऑपरेटर पुढे वाकला. "काका ना? बाईंचे? अहो, बाई शेवटच्या फेरीला अर्ध्यातून परत फिरायच्या. तुम्हाला ठाऊक नाही?"

फिटर त्याच्याकडे वळला.

"मला पोस्टाच्या पेटीपाशी सोडलं," ऑपरेटर म्हणाला.

"मला दूध डेअरीच्या कोपऱ्यावर," मालिशवाला म्हणाला. "कॅनव्हासचे बूट घालायच्या. त्यांना वाटायचं, आम्हाला पत्ता लागत नाही. अहो, त्या बुटांचा काय आवाज यायचा! ओलं फडकं आपटल्यासारखा."

दोघे हसले. आणखी मागून एकजण म्हणाली, "मला शाळेच्या कुंपणापाशी," आणि त्यापलीकडे कुणीतरी म्हणालं, "मला पुलाच्या अलीकडे." जो तो आपली जागा सांगत होता, जन्मगाव सांगावं तशी.

"भीती नाही वाटायची?" भावाने विचारलं.

"वाटायची तर!" मालिशवाला म्हणाला. "मी उभ्या उभ्या बाईंना शिव्या दिल्या. मोठ्याने. म्हटलं, असतील जवळपास तर ऐकू देत. मग चालायला लागलो. करणार काय, मागे कुणी नव्हतं."

फिटर शिंपीणबाईशेजारच्या खुर्चीत बसला. "एरवी तर ती उठताबसता सांगायची," तो म्हणाला. "मी निघाले, मी निघाले. मग त्या दिवशी का नाही सांगायची?"

ऑपरेटरने खांदे उडवले. "सांगितलं असतं तर आम्ही जाऊ दिलं नसतं."

फिटरने मान हलवली. इथे मान हलवलेली कुणाला दिसत नाही हे ध्यानात आल्यावर तो म्हणाला, "हं."

भाऊ बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. "टेम्पो नको आज. नाही, उद्याही नको. सांगतो ना तुम्हाला. माझीच चूक, बस्स?" तो परत येऊन बसला. "रोज संध्याकाळी फोन करायचा, ताई. एक दिवस चुकला की मी गाडी काढून आलोच समज."

"मी करीन. तूच टायरखाली असतोस."

मग कार्यक्रम सुरू झाला. एका वक्त्याने सांगितलं की या तिघांनी अंधारात प्रकाशाचे दिवे लावले. मागून मालिशवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाई दिवे कसले लावतायत, छत्री विसरलास का विचारायच्या." ब्रेल तपासणाऱ्या गृहस्थांनी ढाल हातात घेतली आणि सवयीने वरची अक्षरं बोटांनी चाचपली. अक्षरं छापील, सपाट होती. ते हसले. वकीलबाई उभ्या राहून म्हणाल्या की अजून दोन बँका बाकी आहेत, आणि बसल्या.

मग फिटरला बोलावलं. तो पायऱ्या चढला, ढाल घेतली. जड होती, पितळ चांगलं होतं, पण कडेचं घासकाम कुणीतरी घाईत उरकलं होतं. त्याच्यासमोर माईक आणला. समोर सगळी माणसं शांत, चेहरे थोडे तिरके, कान त्याच्याकडे केलेले.

"मी आलो," तो म्हणाला. "मी बाईंचा नवरा."

पुढचं काही येईना. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"मी निघतो," तो म्हणाला, आणि उतरला.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. त्या त्याला ऐकू आल्या, जाड आवाज होता.

चहापाण्याला तो थांबला नाही. शिंपीणबाईजवळ जाऊन त्याने सांगितलं, मी निघालो. ती म्हणाली, "मीही निघतेय थोड्या वेळाने. एकटी जाणारेय, हा बसने परत जातोय. मागे येऊ नका हं, तुमचे बूट पार गल्लीपर्यंत ओळखू येतात."

"नाही येत," फिटर म्हणाला. "पोचलीस की फोन कर."

घरी येऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत ढाल. पाण्याचा पेला समोर होता, पण घेतला नाही. ओट्यापाशी, खिडकीकडे पाठ करून तो किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मग फोन वाजला.

"पोचले, काका," शिंपीणबाई म्हणाली. मागे मशीनचं चाक फिरवून पाहिल्याची जाड घरघर होती.

"बरं," फिटर म्हणाला.

त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली. ढाल कुठे ठेवावी कळेना. येण्याजाण्याच्या वाटेत नको म्हणून कपाटावर ठेवली. मग स्टुलावर बसून बूट काढले. उजवा बूट हातात घेतला, त्यातल्या त्यात बऱ्या असलेल्या कानाशी धरला आणि तळ वाकवला. काही ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा वाकवला.